जुना सुखतळा

— नाही हो, चूक कुणाची ते नंतर बघू, आधी तो बूट द्या इकडे. आणि बसा ना. तुम्ही असे डोक्यावर उभे राहिलात की मला घाई होते, आणि माझ्याच्यानं आता घाई होत नाही. सकाळपासून लोकांचे पाय बघून डोळे शिणलेत. मुलगी कुठंय? बाहेर बाकावर? बसू दे तिथंच, घोटा सुजलाय तिचा.

तुमचं म्हणणं काय, बुटातला हा सुखतळा मऊ हवा होता — सगळ्या आईबापांना मऊच हवा असतो! गादीवर एका पायावर उभं राहून बघा, डुगडुगता की नाही? तसंच आहे ते. ज्याचा घोटा सारखा मुरगळतो, त्याच्या पायाला खालची जमीन कळावी लागते — म्हणून तर हा पातळ, जरा खरखरीत केला. इथंच, या फरशीवर, हाच बुटात घालून, डोळे मिटून एका पायावर उभी केली होती तिला, तुमच्यासमोर — हलली का? नाही हलली. मग संघाची निवड चाचणी तोंडावर आलेली असताना खेळात उडी मारून उतरताना पाय वळलाच कसा? थांबा, सुखतळा बाहेर ओढते हं... हा मी केलेला, नवा. आणि खाली हा कोण? जुना! एकावर एक दोन घातलेत — टाच वर उचलली जाते, बूट पाय धरतच नाही, मग घोटा वळेल नाहीतर काय होईल? कितीदा सांगायचं, जुना आधी काढून — काढला होता? तुम्ही स्वतः? कचऱ्यात?

मग परत घातला कुणी? तिला तर माहीत होतं — माप द्यायला आली तेव्हा तिनंच विचारलं, काकू, दोन्ही एकदम घातले तर काय होईल? मी म्हटलं, वेडे, घोट्याची वाट लागेल. परत विचारलं, नक्की? मला आपलं वाटलं, किती जपते पोरगी पायाला. वर म्हणते कशी, मला नाही खेळायचं काकू, पण बाबांना सांगणार कोण —

...

काही नाही. मी काही बोलले नाही.

कुठं निघालात? आवाज चढवणार असाल तर इथंच बसा. बूट राहू दे माझ्याकडे. तिला हाताला धरून घरी न्या, वाटेत एक अक्षर विचारू नका. सांगायचं तेव्हा सांगेल — आणि नाही सांगितलं, तरी तिनं काय केलंय ते तुम्हाला कळलंय. जा आता. मला दुकान बंद करायचंय.