सोललेला पिवळा मासा

माझं माहेर ताम्हिणी घाटाखालचं, खाडीकाठचं. बाप मासेवाला, त्यामुळं कल्ले बघून मासा ताजा का शिळा हे मला अक्षरांच्या आधी कळलं, आन अक्षरं नंतरबी फार कळली न्हाईत. लगीन होऊन घाटावर माल्याला आले. भाताची दोन खाचरं, त्यात भागंना, म्हणून पौडाच्या बाजारात मासे घेऊन बसायला लागले. घाटावरची माणसं नदीचा मासा खाणारी, समुद्राचा त्यांना मीच शिकवला म्हणा ना. बारा वर्सं बसले, एकानं नाव ठेवलं न्हाई.

काय सांगू तुमाला, एका खेपेला पेटीत एक हलवा आला, पिवळाधमक. हलवा काळपट असतो, ह्यो हळदीनं माखल्यावानी. कल्ले लालभडक, अंग टणक, मासा चोख. पण गिऱ्हाईक म्हणायचं, आक्का, ह्याला कावीळ झालीया काय, आन हसत बांगडा घेऊन जायचं. मला आला राग. डोकं, पर, शेपूट तोडून द्यायची माझी रीतच हाय, त्या दिवशी कातडीबी सोलली. पांढरे तुकडे दिसायला लागले. ते माझ्या नणंदेनं नेले, यमुनावन्संनी. उरलेले दोन मी घरी मिठात ठेवले.

दुसऱ्या दिवशी वन्संच्या घरात तिघांना उलट्या-जुलाब. वाचले सगळे. पण बाजारात कुणीतरी त्यांना पिवळ्या माशाचं सांगितलं हुतं, त्या थेट माझ्या दारात. मी म्हणलं, वन्सं, हलवाच हुता. त्या म्हणल्या, चांगला हुता तर सोललास कशापायी? पुढच्या बाजारी माझ्या पाटीला कुणी हात लावंना, त्याच्या पुढच्याबी न्हाई.

मुठा गावात एका कॉलेजातल्या मॅडमचं घर हुतं, प्राणी शिकवायच्या, माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांना समदं सांगितलं. त्या म्हणाल्या, मासा ओळखून देते, पराचे काटे मोजते, हलव्याच्या शेपटीजवळ खरखरीत धार असते ती बघते. दाखव. मी म्हणलं, कुत्र्यांनी खाल्लं सगळं. मॅडमनी कपाळाला हात लावला. मग मिठातलं नखाएवढं मांस स्पिरिटच्या बाटलीत घालून लांबच्या प्रयोगशाळेत धाडलं, तिथं म्हणे मांसावरून माशाचं गोत काढतात. मी वाट बघितली, किती महिने ते विचारू नका, पाटी पालथी घालून.

कागद आला. हलवाच. मॅडमनी समजावलं, अंगात काळा रंग धरलाच न्हाई, एवढंच वेगळं. मी म्हणलं, म्हंजी मी सुटले. मॅडम म्हणाल्या, बाई, मासा कुठला ते कागद सांगतो, तिघं कशानं आजारी पडली ते न्हाई सांगत.

तरी घेऊन गेले. वन्संनी दोनदा वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणल्या, हलवाच हुता, बरं. मग लपवलास का?

ह्याचं उत्तर कुठल्या प्रयोगशाळेत मिळतं, सांगा.

आता शहराच्या अंगाला जांब्याला ऱ्हाते, कंपनीतल्या पोरांच्या खोल्यांवर सैपाक करते. मासा आणला की आधी आख्खा परातीत ठेवून दाखवते, परांसकट, शेपटीसकट, मगच विळीवर घेते. पोरं म्हणतात, मावशी, जल्दी करो ना, भूक लगी है. त्यांना काय सांगायचं.

वन्संच्या पोरीचं लगीन झालं, मला परक्याकडनं कळलं. त्या तिघांत तीबी हुती. सुखानं नांदू दे तिला. हलवा लई आवडायचा तिला, शेपटीकडचा तुकडा मी तिच्यासाठी बाजूला ठेवायची.