काठाची चिंधी

यशवंतराव : पण तू सरळ वर गेलासच का, ज्योतीराम? फाट्यावरनं डावीकडं वळायचं, हे बसमधनं उतरल्यावर मी सगळ्यांना तीनदा ओरडून सांगितलं. पेंटशॉपचा आबाजी, ज्याला धड डावा-उजवा कळत नाही, तो बरोबर वळला आणि पहिला आला. आणि सगळ्यांच्या पाव मैल पुढं असलेला तू? थेट डोंगरावर, वाघजाईच्या देवळात!

ज्योतीराम : व्हय. झालं खरं तसं.

यशवंतराव : झालं खरं काय, झालं खरं! अरे, शर्यतीत पहिला येईल त्याला एक जानेवारीपासून पर्मनंट, असं खुद्द साहेबांनी बोर्डावर लावलं होतं. तीन वर्षं बदली कामगार म्हणून लेथवर घासतोयस. काल आम्ही हार घेऊन उभे, आणि हा पठ्ठ्या सगळं आटपल्यावर भलत्याच बाजूनं चालत येतोय. वर हसतोय!

रुक्मिणी : हासत आले?

यशवंतराव : हसत, वहिनी! नव्या नवऱ्यासारखा.

रुक्मिणी : बया! आन् मी काल सांजच्याला म्हायारावनं आले तर निस्तं म्हनले, वाट चुकली. फुडं तोंड उघडतील तर शप्पथ. च्या घ्या भावजी, निवंल.

यशवंतराव : घेतो. आधी कामाचं. साहेबांपुढं आज अर्धा तास उभा होतो. टाइम ऑफिसात वीस वर्षं काढली, कुणासाठी इतकी जीभ झिजवली नव्हती. शेवटी म्हणाले, खुणांमुळं माणूस फसला असेल, तर येत्या रविवारी शर्यत परत घेऊ. मात्र त्यानं तसं लिहून दिलं पाहिजे. मी टाइप करूनच आणलंय. 'दिनांक दहा डिसेंबर त्र्याहत्तर. मार्गावरील चुकीच्या खुणांमुळे मी फसलो व वाट चुकलो.' एवढंच. खाली सही ठोक, की आबाजी-बिबाजी कोणी तुझ्या पुढं टिकत नाही.

रुक्मिणी : देव पावला! अवं, बगता काय? घ्या पेन.

ज्योतीराम : घेतो. पर यशवंतराव, आदी काय झालं ते तरी आईकता का? कालपास्नं कुनी इचारलंच न्हाई. समदी इचारत्यात, का गेलास. कसा गेलास, ते कुनी इचारीत न्हाई.

यशवंतराव : बरं बाबा, सांग.

ज्योतीराम : शिट्टी झाली आन् सुटलो. धुकं म्हंजी, फुडं चार पावलं वाट दिसायची, तेवडी सपली की आनखी चार. वाडी म्हागं पडली, तशी म्हागच्या पोरांची धपधप बी लांब लांब गेली. मंग माजा दमच तेवडा आईकू यायला लागला. आन् हिरड्याच्या रानात शिरलो तसा त्यो बी आईकू येईना.

रुक्मिणी : म्हंजी वं?

ज्योतीराम : म्हंजी, दम लागंचना. वाट चढाची, पर पायाला चढ कळंना. खाली पाला असा गच पडलेला, की बूट टेकला तरी आवाज न्हाई. कारवी दोनी अंगानं खांद्याला लागून जायची, वली गार. वर एक शेकरू हुतं. या झाडावनं त्या झाडावर, माज्या संगं संगं. मी थांबलो तर त्येबी थांबल असं वाटायचं, म्हनून मी थांबलोच न्हाई.

यशवंतराव : आणि वाट दाखवायला झाडांना बांधलेल्या लाल चिंध्या?

ज्योतीराम : दिसत हुत्या की. धुक्यात एक लाल टिपका. तितं जावं तर लांब दुसरा. लेथवर आठ घंटे उभं ऱ्हातो मी, यशवंतराव. हात हालत्यात, पर पाय जाग्यावर. कदी कदी वाटतं, गुडघ्याखाली आपल्याला हाईतच का न्हाईत. तितं मला माजं पाय परत घावलं. मला कंपनी आठवंना, पर्मनंट आठवंना. खोटं कशाला बोलू? ही बी आठवंना.

रुक्मिणी : बघा! म्हनून मी म्हनते, कुत्रं म्हागं लागल्यागत काय पळता. मानूस घरदार इसरतं.

यशवंतराव : थांबा वहिनी. आता मी सांगतो, कारण गंमत इथंच आहे. फाट्याच्या पुढं कंपनीची एकही चिंधी नाही.

ज्योतीराम : तुमाला कसं ठावं?

यशवंतराव : मीच बांधल्यात शनिवारी, मला ठाऊक. फाट्यापर्यंत झाडी, म्हणून चिंध्या. फाट्यापासून डावीकडं उघडा माळ, एक झाड नाही, म्हणून तिथं पांढऱ्या फक्कीचे बाण मारले.

रुक्मिणी : ती पांढरी भुकटी? ती तर सांजच्याला गुरं परतली त्यात तुडवून गेली.

यशवंतराव : गेली ना! वर तिथं निशाण देऊन कोंडीराम वॉचमनला उभा केला होता, तो बसला शेकोटीला. म्हणतो, इतक्या लवकर माणूस येतोच कसा? बाकीचे आले तोवर तो जागेवर होता. तात्पर्य, ज्योतीराम पोचला तेव्हा फाट्यावर ना बाण, ना माणूस. आणि समोर सरळ वर देवळापर्यंत, झाडाझाडाला चिंध्या! कुणीतरी मुद्दाम बांधल्यात. ही बघा, पुरावा म्हणून एक सोडून आणलीय.

रुक्मिणी : सोडली? अवं भावजी, सोडली तुमी?

यशवंतराव : सोडली म्हणजे, गाठ सुटेना तेव्हा ब्लेडनं कापली. नीट बघा, आमच्या चिंध्या साध्या मांजरपाटाच्या, लाल रंगात बुडवलेल्या. हिला हिरवा काठ आहे. लुगड्याचा तुकडा. ज्यानं बांधला तो सापडला ना, तर...

रुक्मिणी : मी बांधली.

यशवंतराव : काय?

रुक्मिणी : मीच. समद्या मीच बांधल्या. आता मारा मला जोड्यानं.

यशवंतराव : वहिनी! अहो, पण का?

रुक्मिणी : त्या डोंगराच्या पायथ्यालाच माजं म्हायेर. आय आजारी म्हनून शुक्रवारी गेले, ती काय आजारी-बिजारी न्हवती. यांची शर्यत आमच्याच रानात, तवा देवीला सांगून ठिवावं म्हनून गेले. आमच्याकडं वाघजाईला नवस बोलायचा, तर पायथ्याच्या झाडापास्नं पार देवळापतुर लाल चिंध्या बांधत जायाचं. मधी तोडायचं न्हाई. माळ अर्धी सोडली तर देवी त्या मान्साला अर्ध्या वाटंवरच ठिवती, असं म्हनत्यात. शनवारी बगते तर झाडाझाडाला आदीच चिंध्या! मला वाटलं, कंपनीनं बी नवस बोलला. लई बरं वाटलं, खरं सांगते. शिकलेली मानसं, पर देवाला मानत्यात.

यशवंतराव : आम्ही? नवस?

रुक्मिणी : मंग फाट्यापतुर गेले तर फुडं एक बी न्हाई. काळजात धस्स झालं. म्हनलं, मेल्यांनी अर्धीच सोडली की! आन् उद्या पळनार आमचं मानूस. लाल कापड कुटनं आनू? संगं नेलेल्या पेटीत लाल लुगडं हुतं, यांनी पयल्या पगाराला चाकणच्या बाजारातनं आनलेलं. टराटरा फाडलं आन् आयसंगं बांधत गेले वरपतुर. बावन्न गाठी मारल्या. वाट मीच तोडली जी यांची!

यशवंतराव : रडू नका. अहो, रडताय काय? सोन्यासारखी गोष्ट झाली! आता साहेब 'नाही' म्हणूच शकत नाहीत. खुणांची चूक झाली, खुणा कुणी केल्या ते कळलं, कारणही कळलं. एक ओळ वाढवतो, 'माझ्या पत्नीने गैरसमजातून', बस. ज्योतीराम, सही.

ज्योतीराम : न्हाई.

यशवंतराव : न्हाई?

ज्योतीराम : फसलो न्हाई मी. फाटा वलांडला आन् तीन झाडं तसाच गेलो, ते खरं. चवथ्याला काठ दिसला.

रुक्मिणी : दिसला?

ज्योतीराम : हिरवा काठ, त्यात पिवळी रेघ. दुकानात तासभर बसून काडलेलं लुगडं, मी वळखनार न्हाई व्हय? तितंच उबा ऱ्हायलो. फाटा म्हागं गेला, हेबी कळलं.

यशवंतराव : मग परत फिरायचं! चार झाडांचं अंतर! मागं कुणाचा पत्ता नव्हता. फिरून आला असतास तरी पहिलाच आला असतास.

ज्योतीराम : आलो असतो.

यशवंतराव : बरं, ते तुझ्या पोटात ठेव. कागदावर 'फसलो' लिही. कोण बघायला आलंय?

ज्योतीराम : शेकरू हुतं. न्हाई, हासू नगा. आबाजी बरुबर वाटंनं पळाला, त्याचं त्यानं मिळवलं. ते मी खोटं बोलून कसं काडून घेऊ? आन् कागदावर काय, हिनं मला फसवलं? हिनं? तीन वरसं ते लुगडं पेटीत. मला वाटायचं, हिला आवडलंच न्हाई.

रुक्मिणी : ठेवनीतलं हुतं ते! रोज नेसून काय चुलीपुढं धुरात घालू? आवडलं न्हाई म्हनं! अवं, करा सही. माजं नाव कागदावर जाऊ दे न्हाईतर मसनात जाऊ दे. तुमच्या पाया पडते.

ज्योतीराम : पेन घ्या यशवंतराव.

यशवंतराव : बघ बाबा. पुढची भरती कधी, देव जाणे. वर्ष लागेल, दोन लागतील. साहेब मला म्हणतील, ज्याच्यासाठी भांडलास त्यालाच नकोय. तू पक्का वेडा आहेस.

ज्योतीराम : व्हय.

यशवंतराव : कागद नेतो परत. चिंधी ठेवा वहिनी, माझ्या हातून आगळीक झाली. कुठल्या झाडाची, तेही आठवत नाही.

रुक्मिणी : असू द्या. आमी बघू. ज्या झाडाला न्हाई, त्याची आसंल.

यशवंतराव : उद्या पहिली शिफ्ट आहे, ज्योतीराम. कार्डपंच वेळेत कर. आणि त्या रानात परत कधी जाणार असशील, तर मला सांग. पळणार नाही मी. मागनं चालत येईन.

(यशवंतराव जातात.)

रुक्मिणी : गेले. च्या तशीच ऱ्हायली त्यांची.

ज्योतीराम : आन हिकडं.

रुक्मिणी : मिळायची न्हाई. मी बोलत न्हाई तुमच्यासंगं. तीन वरसं बदली, आता चवथं. सकाळी गेटवर उबं ऱ्हायाचं, कुनी गैरहजर हाय का बगायचं, न्हाईतर हात हालवत घरी. एका सहीनं सपलं असतं समदं. आन् सही ऱ्हाऊ द्या. तवाच फिरायचं हुतं वं. चार झाडं. तुमाला तर चार उड्या. का न्हाई फिरला?

ज्योतीराम : फिरलो हुतो की.

रुक्मिणी : आँ?

ज्योतीराम : खरंच फिरलो हुतो, रुक्मे. त्वांड खाली केलं, एक पाऊल टाकलं बी. मंग वाटलं, ही मला म्हनती कुत्रं म्हागं लागल्यागत पळता, आन् हीच एवड्या रानातनं आली? कुटपतुर आली आसंल? म्हनून उगंच वळून वर बगितलं.

रुक्मिणी : मंग?

ज्योतीराम : फुडच्या झाडाला आनखी एक हुती.