पावणेसहाची दिवेलागण

नाही, पण भर उन्हात कुणी म्हणालं, संध्याकाळ झाली, दिवा लावा, तर माणसाने करायचं काय? सांगा ना! बत्तीस वर्षं भूगोल शिकवला मी! रेखांश, प्रमाणवेळ, पंधरा अंशांना एक तास… पोरांना झोपेतून उठवून विचारा. आणि आता घरात ही तऱ्हा!

तुम्हाला सांगतो, आमची उर्वी टोरांटोला. तिची मुलगी शमिका, सहा वर्षांची. आमच्याकडे दिवेलागणीला सुनेत्रा, म्हणजे आमची ही, देवापाशी दिवा लावते, तेव्हा तिकडे सकाळचे सव्वाआठ. शमिकाच्या शाळेची बस यायला बारा मिनिटं. तेवढ्या वेळात फोनवर नातीने दिव्याला नमस्कार करायचा, आजीबरोबर पाढे म्हणायचे, दूध प्यायचं आणि पळायचं! पोरीचं सगळं मराठी काय ते त्या बारा मिनिटांतलं, बाकी दिवसभर इंग्रजी. हिवाळाभर बिनबोभाट चाललं हो… आणि मार्चमध्ये उर्वी म्हणते, "बाबा, आमची घड्याळं काल एक तास पुढे गेली."

"कुठे गेली?" मी म्हटलं.

तर म्हणे सरकारनेच केली! उन्हाळ्यात उजेड पुरवायचा म्हणून! म्हणजे त्यांचे सव्वाआठ आता आमच्या पावणेसहाला. आणि मार्चमध्ये पावणेसहाला मांडवीला काय असतं? ऊन! सूर्य समुद्रावर चांगला हातभर वर! त्यात आपली रत्नागिरी पश्चिमेला, देशाचं घड्याळ चालतं तिकडे मिर्झापूरच्या रेषेवर, आपला सूर्य त्याच्या सदतीस मिनिटं मागे. उशीर आपल्या रक्तातच आहे, त्याला सूर्य तरी काय करणार?

पण ही ऐकेल तर ना! "मी दिवसाढवळ्या दिवा लावणार नाही. देव काय म्हणेल?" आणि फोनवर शमिका, "आजी, दिवा लाव ना!" "अगो, सूर्य अजून इथेच आहे, बघ!" "नाही आजी, सूर्य इकडे आहे, तुझा खोटा आहे!" झालं! आजी-नातीचं सूर्यावरून भांडण, तेवढ्यात तिकडे बस. ना दिवा, ना पाढा.

म्हटलं, समजावून सांगावं. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला मी! सोललेला नारळ घेतला, म्हटलं ही पृथ्वी. बॅटरी घेतली, हा सूर्य. कुंकवाचं एक बोट इथे, ही रत्नागिरी, दुसरं पार तिकडे, हे टोरांटो. आता मी पृथ्वी फिरवतो… तर ही म्हणते, "अहो, थांबा! कुंकू लावलंत नारळाला?" म्हटलं, खूण केली. "खूण कसली? देवाचा झाला तो! आता वाढवायला हवा." आणि माझ्या हातातून पृथ्वी काढून घेतली, देवापुढे वाढवली, आणि दुपारी पानात सोलकढी! पृथ्वीची सोलकढी प्यायलो हो मी!

हसू नका. चौथ्या दिवशी फोन आलाच नाही. उर्वीचा निरोप, "शमिका म्हणते, आजी दिवा लावत नाही, मग कशाला?" ही फोन मांडीवर घेऊन बसून राहिली. नंतर खऱ्या दिवेलागणीला दिवा लावला आणि एकटीच सातचा पाढा म्हणायला लागली, सात पंचे पस्तीसला थांबून फोनकडे बघत राहिली… पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला अशी बघितली नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारच्या चहानंतर साडेपाचला उठलो. दारं लावली, खिडक्या लावल्या, पश्चिमेच्या खिडकीचं एक तावदान फुटकं, त्याला सतरंजी लावली तर ती शिंची खाली! वेळ कुठे होता? मीच पाठ लावून उभा राहिलो. ही अंधारात चाचपडत म्हणाली, "अहो, झाली का संध्याकाळ?"

मी म्हटलं, "झाली."

फोन लावला. दिवा लागला. "आजीऽऽ! गेला सूर्य?" "गेला गो बाये! चल, सात एके सात…" आणि बाहेरून शेजारच्या काशीताई, "सर, दिवसाची दारं लावलीत, बरं नाही का कुणाला?" म्हटलं, काशीताई, सगळे बरे आहेत, संध्याकाळ झाल्ये, नंतर या!

तेव्हापासून हे रोजचं. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं परत मागे येईपर्यंत सुटका नाही. पावणेसहाला मी पाठ लावतो, मांडवीचा सूर्य मावळतो. बारा मिनिटांनी तिकडे बस येते, मी बाजूला होतो, आणि सूर्य पुन्हा उगवतो… पश्चिमेला!

बत्तीस वर्षं भूगोल शिकवला मी.