दियोनिसियोचा वाकडा जबडा

मी, बासिलिया तिंताया, वय ६१, धंदा बटाटे विकणे, राहणार एल आल्तो, बाजारामागे.

पोलीस चौकीत साहेबांसमक्ष हजर होऊन सांगते की, दियोनिसियो ही आमच्या घरातली कवटी आहे. सासऱ्यांना ती शेत नांगरताना मिळाली. तेव्हापासून ती देवळीत बसून घर राखते. सोमवारी तिला फुलं, कोकाची पानं आणि सिगारेट देतो. जबडा उजवीकडे वाकडा असल्याने सिगारेट डावीकडेच टिकते. साहेबांच्या टेबलामागेही एक कवटी टोपी घालून बसली आहे, तेव्हा याहून जास्त सांगायला नको.

माझी नात वारा, वय ६, हिचा जबडा जन्मापासून तसाच वाकडा आहे. ती चारचौघांत खात नाही. शाळेतून डबा भरलेला परत येतो. शेजारीण एउलोहिया म्हणत फिरते, "पोटुशीने कवटीला फुलं वाहिली, मग दुसरं काय होणार!" तिच्या जिभेला हाड नाही. माझी सून निएवेस हिच्या मनात ते बसलं. आज सकाळी ती दियोनिसियोला पोत्यात घालून पुरायला निघाली. पोरगी बरोबर होती. वाटेत शिपायांनी पोतं उघडलं. जबडा कुणी मारून मोडलाय असं वाटून त्यांना खुनाचा संशय आला आणि त्यांनी सुनेला इथे आणून बसवलं.

दुपारी संग्रहालयातल्या हाडांच्या जाणकार रोसेन्दाबाई आल्या. त्यांनी तपासून सांगितलं की, हा माणूस काही शतकांपूर्वीचा आहे. त्याला कुणी मारलेलं नाही, जबडा लहानपणापासूनच वाकडा आहे. गालाचं हाड आणि कानाजवळची खोबण त्या जबड्याला सांभाळून घेत वाढली. डाव्या दाढा चावून चावून सपाट झाल्या.

वाराने विचारलं, "म्हणजे त्याला खाता यायचं?"

बाई म्हणाल्या, "मक्याचे भाजलेले दाणेसुद्धा. चाळिशी ओलांडेपर्यंत खात होता."

"लोकांसमोर?"

साहेब म्हणाले, "अगं, जन्मभर लपून कोण जेवतं?"

सून रडू लागली. म्हणाली, "आई, मला वाटलं माझ्याच हातून झालं." मी म्हटलं, "येडी का खुळी तू? सहा वर्षं हे एकटीने उरावर घेऊन बसलीस?" मलाही रडू आलं, ते लिहून घ्यावं.

सुनेविरुद्ध माझी काही तक्रार नाही. दियोनिसियोला घरी न्यायला आता तीही कबूल आहे. एउलोहियाचं मी बघून घेईन, ते लिहू नये.

जबाब मला आमच्या आयमारा भाषेत वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. वाचन चालू असताना वारा सगळ्यांसमोर साहेबांचा पाव खात होती, हेही खरं आहे.