कळसावर पाय

हा फोटो पाहून सगळे विचारतात, एवढ्या लांब हिमालयात जाऊन शिखराच्या खालीच काहून बसले? त्याला कारण आमचा हट्टा गावचा दोस्त, दत्ता.

शेवटचा कडा आमी दोघं हातापायानं चढलो, मागून वाटाड्या. गुडघे सोलले, दम लागला. मी सगळ्यात वरच्या दगडावर उभा राहिलो अन् त्याला हात दिला, "ये."

दत्ता हातभर खाली थांबला. बूट काढले, दगडाला डोकं टेकवलं.

"इथूनच बरं हाय."

"अरे, मंग एवढी तकलीफ कशासाठी घेतली?"

"दर्शनासाठी. कळसावर कोणी पाय देतं का?"

"मी तर उभा हाय."

"तुझं तू बघ."

मला तिथं उभं राहवेना. गुपचूप उतरून त्याच्या बाजूला बसलो. वाटाड्यानं तसाच फोटो काढला.

परत निघाल्यावर मागं पाहिलं, तर दत्ता अजून तिथंच. वरच्या दगडावर बर्फाचा पातळ थर होता, अन् हा हात लांबवून माझ्या बुटांचे ठसे पुसून राहिला होता.

"चल," म्हणला, "आता बराबर झालं."