तासगावच्या सुनेची शर्यत

माझं माहेर आटपाडीकडचं. आमच्या वस्तीवर पान्याचे लय हाल, काय सांगू तुमाला, हिर दीड मैलावर, आन आमी पाच भनी, मी मधली. आई म्हनायची शालनला धाडा, ती लवकर येती. मी जाताना पळत जायची, भरली कळशी घिऊन चालत यायची, आन परत पळत. आठवीत शाळेत शर्यती झाल्या, मी अनवानी पळाले आन पैली आले, खेळाच्या गुरुजींनी घड्याळ दोनदा बघितलं. मग ते घरी आले, दादांना म्हंजी माझ्या वडलांना म्हनाले पोरीला सकाळी सोडा, मी शिकवतो. आमी बौद्ध मानसं, दादा शिक्षनाला लय कडक, म्हनाले वह्या पुऱ्या करून पळत असंल तर सोडतो. मग काय, वह्या पुऱ्या करायच्या आन पळायचं. जिल्ह्याला सांगलीला गेले, राज्याला गेले, तीन हजार मीटर, मग पाच हजार, जेवढं लांब तेवढं मला सोपं जायचं.

नव्वद सालाच्या पुढं माझं लगीन झालं, तासगावात दिलं. मालक गवंडी, सासरे न्हाईत, सासू द्राक्षाच्या बागेत कामाला. मालकांना मी आदीच सांगितलं हुतं पळते म्हनून, ते म्हनाले पळ की, पन आईला इचारायचं धाडस मला न्हाई. एवढा सा फुटी मानूस, आन आईपुढं आवाज फुटंना. मग आमी दोघांनी चोरी केली बघा. सकाळी दूध आनायला म्हनून किटली घिऊन निघायची, ती डेअरीत ठिवायची, आन बेदान्याच्या शेडामागनं साडी खोचून पळून यायची. दोन महिने चाललं. एक दिस आत्या, म्हंजी सासूबाई, बागेत लवकर निघाल्या आन समोरनं मी आले पळत. त्या बाजूला झाल्या, मला वाट दिली आन तशाच बागंकडं निघून गेल्या. संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हनाल्या, साडीत पाय अडकून पडशील, त्याची जुनी प्यांट घालत जा, आन दूध मी आनीन. मला रडू आलं, त्या म्हनाल्या तव्यावरची भाकरी करपाय लागलीया, तिकडं बघ.

पुढं पोरगी झाली. ती सा महिन्याची असताना साताऱ्याला राज्याच्या निवडीची शर्यत निघाली, एकवीस किलोमीटर, पैल्या तिघी देशाच्या शर्यतीला जानार. आळीतल्या बाया म्हनाल्या अंगावर पितं लेकरू, हिला काय येड लागलंय. आत्या म्हनाल्या डाक्टरीनबाईला इचारू, ती न्हाई म्हनली तर न्हाई. बाई तपासून म्हनाली जाऊ दे, आन आमी यष्टीनं साताऱ्याला गेलो, मी, आत्या आन पोरगी. मालकांचं सलॅबचं काम चालू हुतं, त्यांना येता आलं न्हाई.

पोरगीला पाजून मी पळाय लागले. साताऱ्याचा रस्ता कुठं सपाट हाय का, चढ आन उतार, आन परत चढ. निम्म्याच्या पुढं मी तिसरी हुते. तेवढ्यात अंगावर दूध आलं. बनियन भिजली, छाती दगडावानी झाली, पाऊल टाकलं की कळ यायची. आन परतीच्या वाटंला एका वळनावर आत्या उभ्या, कडंवर पोरगी, भुकंनं रडून लाल झालेली. माझे पाय थांबले. खरंच थांबले, मी तिच्याकडं वळले. आत्यांनी पोरगीचं तोंड आपल्या खांद्यात लपवलं आन म्हनाल्या, ही माझ्यापाशी हाय, तू जा, शालन, ही रडली म्हनून मरत न्हाई, मी हाय न्हवं. मागनं दोघी पुढं निघून गेल्या. मी पळाले. शेवटाला एकीला गाठलं, दुसरीला न्हाई गाठता आलं, चार पावलं कमी पडली. चौथी आले.

आत्या लेकरू घिऊन आल्या, इचारलं कितवी. मी म्हनलं चौथी, आत्या, मी थांबाय नको हुतं. त्या म्हनाल्या, मागं किती ऱ्हायल्या? म्हनलं असतील तीसेक. मग म्हनाल्या, लय झालं, आता हिला घे. लिंबाच्या झाडाखाली बसले, त्यांनी आपल्या पदराचा आडोसा केला, आन पोरगी घटाघटा प्याली. खरं सांगते तुमाला, मला त्या दिसाइतकं बरं परत कवा वाटलं न्हाई, पुढल्या साली त्याच शर्यतीत दुसरी आले तवासुदिक.

दुसरी आले त्या साली देशाच्या शर्यतीला गेले, तिथं अकरावी आले. दोन-तीन वर्सं पळाले, मग गुडघा गेला, पळनं सुटलं. इथल्या एका शाळंत शिपाई म्हनून लागले, अजून हाय. मैदानावर पोरी पळत्यात, मी पान्याची टाकी भरता भरता बघते, एखादी दम टाकाय लागली तर सांगते, बाळा, खांदं ढिलं सोड. माझी लेक मिरजंला नर्स हाय, तिला पळायची आवड न्हाई, मी कवा जोर केला न्हाई. आत्या आता लय थकल्यात, डोळ्यानं दिसत न्हाई, रोज त्यांना न्हाऊ घालते, केस इंचरते, आन त्या माझ्या तोंडावरनं हात फिरवून म्हनत्यात, वाळलीस गं. चौथ्या नंबराची रुखरुख हाय का म्हनून इचारता, तर हाय, खोटं कशाला बोलू. पन अशी सासू समद्या पोरींना मिळू दे, एवढंच मागनं हाय माझं.