अमजदभाईंच्या पोटातले पहारेकरी

...आता यात पोटाचा काय दोष, तुमीच सांगा! अंथुर्ण्याच्या फाट्यावर पंक्चर काढणारे आमचे अमजदभाई, माणूस सोन्यासारखा, पण एक शिंक आली की खिशातनं गोळ्यांचं पाकीट बाहेर. कसल्या गोळ्या? मागं दाढ दुखली तवाच्या, अँटिबायोटिक! दोन खायच्या, बरं वाटलं की उरलेल्या ठेवून द्यायच्या, संपल्या की रिकामं पाकीट दाखवून तसलंच नवं आणायचं. बायको कमरजहाँभाभी म्हणायच्या, डॉक्टरला विचारा. ह्ये म्हणायचे, डॉक्टर तरी दुसरं काय देणाराय? असं वर्षात पाच-सहा वेळा, आन् पोट बिचारं गप.

मग एक दिवस बोलायला लागलं... ते थांबंचना. तीन आठवडे जुलाब! टायर खोलला की पळ, ट्यूब पाण्यात बुडवली की पळ, गिऱ्हाईक बाकड्यावर आन् भाई उसात. पॅन्ट ढिली झाली तसं टोच्यानं पट्ट्याला नवीन भोक पाडलं. मनात एकच, हा कॅन्सरच. कुणाला सांगितलं न्हाय. नुसता इंदापूरला दिलेल्या लेकीला, साजियाला, फोन केला, सहज येऊन जा म्हणाले. सहज... बाप कधी सहज बोलावतो का हो?

साजिया आली, चहा हातात तसाच, बापाच्या कमरेकडं बघत राहिली.

"अब्बा, ह्ये भोक कधी पाडलं?"

भाईंनी शर्ट ओढून पट्टा झाकला. पोट बोलत होतं, आता भाई गप.

दुसऱ्या दिवशी तिनं बारामतीला नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर नाही, आन् एवढा दांडगा गडी खुर्चीतच रडला. मग बाईंनी समजावलं, की आतड्यात अब्जावधी चांगले जंतू नांदत असतात, रोगाशी लढणारे शरीराचे पहारेकरी बहुतेक तितंच बसलेले, आन् पाहुणा कोण, चोर कोण, ह्ये ते पहारेकरी त्या जंतूंच्याच संगतीनं शिकत्यात.

"तुम्ही चोर मारायला निघालात, अमजदभाई, आणि घरचीच माणसं मारलीत."

म्हंजे बघा, एवढी वर्षं पोट बिचारं गप होतं ते आत राबत होतं म्हणून!

बाईंनी नेमकं औषध दिलं, विचारल्याबिगर गोळी बंद केली, ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, ताजं दही खायला लावलं. दोन महिन्यांत भाई भरले, हसायला लागले. आता ठणठणीत हायेत, पोट पुन्हा गप... पण भाई न्हाईत! जो येईल त्याला अर्धा-अर्धा तास आतडं समजावून सांगत्यात, टायर तसाच पडून. काय करणार, लोकं आता पंक्चर गाडी ढकलत थेट शेळगावचं पंक्चरचं दुकान गाठत्यात.